फ्लॅटचे वीजबिल इतके कसे आले?

बोईसर, पालघर, तारापूर-चिंचणी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. चाळीतील खोली किंवा गावातले घर सोडून आपले बरेच कारागीर आणि लहान व्यापारी अशा फ्लॅटमध्ये राहावयास आले. सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवण्याचा त्रास नको म्हणून इंडक्शनची शेगडी आली, बंब जाऊन गीझर आला, हॉलच्या कोपऱ्यात शिलाई मशीन बसले. घर सुटसुटीत दिसू लागले. मग एके महिन्यात सहा-साडेसहा हजारांचे बिल आले आणि घरात पहिला प्रश्न निघाला की मीटर पळतो आहे काय?

मीटर खरोखर पळत असल्याची उदाहरणे असतात, त्याकडे पुढे येऊ. परंतु बहुतेक वेळा दोष मीटरचा नसतो, हिशेबाचा असतो.

शेजारीच तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. देशातील हे पहिले व्यापारी अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच तेथे चालू झाले. त्यामुळे "वीज आमच्या गावात तयार होते आणि आम्हालाच महाग", अशी तक्रार या भागात नेहमी ऐकू येते. भावना समजण्यासारखी आहे, पण केंद्राची वीज जाळ्यात जाते आणि महावितरणचे दर राज्यभर एकच असतात. ते दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. लोक अजून "बोर्डाचे बिल" म्हणतात, परंतु राज्य वीज मंडळाचे जून २००५ मध्येच विभाजन झाले आणि घरोघरी वीज देण्याचे काम महावितरण कंपनीकडे गेले.

आता बिलाकडे वळू. कापड दुकानात माल जास्त घेतला तर भाव उतरतो. विजेचे उलटे आहे. घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० दुप्पट महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग आणि ५०० च्या पुढे सर्वांत महाग पडतात. २०२४-२५ या वर्षात हे दर अनुक्रमे ४ रुपये ७१ पैसे, १० रुपये २९ पैसे, १४ रुपये ५५ पैसे आणि १६ रुपये ६४ पैसे होते. त्याशिवाय प्रत्येक युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, महिन्याला सुमारे सव्वाशे रुपये स्थिर आकार, अधूनमधून इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर त्यानंतर बदलले आहेत, चालू आकडे आपल्या बिलावर पाहावेत. टप्प्यांची रचना मात्र तीच आहे, आणि खरी मेख तेथेच आहे.

समजा, बोईसरच्या एका फ्लॅटमध्ये शिवणकाम करणारा कारागीर कुटुंबासह राहतो. स्वयंपाक इंडक्शनवर. त्याला महिन्याला १३० युनिटे धरू. गीझरला ७०, फ्रिजला ३०, तीन जुन्या पंख्यांना १००, दिवे, टीव्ही, धुण्याचे मशीन मिळून ३०, आणि शिलाईची मोटर व इस्त्री मिळून १००. बेरीज ४६० युनिटे. वरच्या दराने हे बिल इंधन आकार सोडून सुमारे ६४०० रुपये होते. घरात एसी नाही, कोणी चैन करीत नाही, तरीही.

आता यातील स्वयंपाकाची १३० युनिटे वजा करा. ३३० युनिटांचे बिल सुमारे ४०४० रुपये येते. म्हणजे इंडक्शनवरच्या स्वयंपाकाचे जवळजवळ २३७० रुपये लागले, कारण ही सर्व युनिटे तिसऱ्या टप्प्यात पडली. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधील उष्णतेतून शेगडीवर जेवढा स्वयंपाक होतो, तेवढ्यासाठी इंडक्शनला साधारण सव्वाशे ते दीडशे युनिटे लागतात. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत त्या सिलिंडरची किंमत ८५२ रुपये ५० पैसे होती. इंडक्शनची शेगडी वीज वाया घालवते असे मुळीच नाही, उलट गॅसच्या शेगडीपेक्षा तिची उष्णता भांड्यात जास्त जाते. ज्या घरात एकूण खप शंभर-सव्वाशे युनिटांच्या आत आहे, तेथे ती परवडूही शकते. मात्र आधीच तीनशेच्या काठावर असलेल्या घरात तिचे प्रत्येक युनिट महागड्या टप्प्याचे असते. दुकानदार जाहिरातीत "एक तासाला अमुक पैसे" असा हिशेब दाखवतो, तो बहुधा पहिल्या टप्प्याचा दर धरून केलेला असतो.

गीझरचे गणितही असेच साधे आहे. वीस लिटरची बादली पंचवीस अंशांवरून चाळीस अंशांपर्यंत तापवायला एक तृतीयांश युनिटापेक्षा थोडी जास्त वीज लागते. पाच माणसांच्या घरात रोज पावणेदोन युनिटे झाली. गीझर दिवसभर चालू ठेवून आत साठ अंशांचे पाणी राखून ठेवले तर त्यावर टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेची भर पडते. अंघोळीच्या वीस मिनिटे आधी चालू करून नंतर बंद करणे हा उपाय सर्वांना ठाऊक आहे, पाळला मात्र फार थोड्या घरांत जातो. एसीबद्दल एवढेच सांगतो की आपला किनारा दमट आहे. मे महिन्यात कॉम्प्रेसर क्वचितच थांबतो, म्हणून दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर महिन्याला दोनशे युनिटांच्या पुढे सहज जातो.

शिवणकाम करणाऱ्या बांधवांनी एक गोष्ट अवश्य तपासावी. जुनी क्लच मोटर बटण चालू असेपर्यंत फिरतच राहते, मग तुम्ही शिवत असा की गिऱ्हाइकाशी बोलत असा. सर्व्हो मोटर पाय दाबला तरच वीज ओढते. दिवसाचे निम्मे काम कापणे, बटणे, काज यांत जात असेल तर हा फरक मोठा आहे. पंख्यांचेही तसेच. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. वरील कुटुंबात तीन पंखे बदलले तर महिन्याला ६० युनिटे वाचतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्याची माहिती आपल्या कारागीर वर्गात फारच थोड्यांना आहे.

राहत्या घराच्या एका भागात लहानसा धंदा करणाऱ्याला आयोगाने घरगुती दराची सवलत ठेवली आहे. अट अशी की महिन्याचा खप ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा एकूण खप ३६०० युनिटांपर्यंत असावा. वर्षअखेरीस तपासणी होते. खप ३६०० च्या वर गेला असेल तर ग्राहकाला आधी कळवून पुढे त्या कामाला लागू होणारी वर्गवारी लावली जाते. लक्षात घ्या, येथे फक्त मशीनची वीज मोजली जात नाही, संपूर्ण घराची मोजली जाते. आपल्या उदाहरणातील कारागीर वर्षाला ५५२० युनिटे वापरतो. त्यांतली धंद्याची फक्त १२०० आहेत. शिवणकामामुळे नव्हे, तर इंडक्शन आणि गीझरमुळे तो सवलतीबाहेर गेला.

तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने घरगुती जोडणीवर धंदा चालू असल्याचे नोंदवले, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते. ती लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट असते, आणि वापर केव्हापासून आहे हे निश्चित झाले नाही तर मागील बारा महिन्यांची धरली जाते. अशा वेळी ३०० आणि ३६०० ही मर्यादा आपण पाळली आहे हे दाखवणारी वर्षभराची बिले हाताशी असणे हेच खरे संरक्षण. बिले रद्दीत घालू नयेत.

तोच कारागीर स्वयंपाक गॅसवर नेईल आणि पंखे बदलेल तर खप २७० वर येतो, वर्षाचा ३२४० होतो. बिल सुमारे ३१०० रुपये, वर सिलिंडर. तो पुन्हा सवलतीत बसतो. काम वाढवायचेच असेल आणि खप खाली येणार नसेल तर गाळा घेऊन वेगळी जोडणी मागणे बरे. टेलरिंगचे दुकान, लाँड्री, सलून ही व्यापारी वर्गवारीत धरली जातात. वस्तू तयार करणाऱ्या कारखान्याला औद्योगिक वर्गवारी मिळते, आणि लहान उद्योगाचा दर घरगुतीच्या वरच्या टप्प्यांपेक्षा कमी आहे. चिंचणीकडे दागिन्यांच्या डाय बनवणारे जे कारागीर घरातच मोटर चालवतात, त्यांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. काहींना औद्योगिक जोडणी स्वस्त पडेल.

आता मीटरविषयी. बिल आल्यावर प्रथम मीटरच्या फोटोतील आकडा आणि प्रत्यक्ष मीटरवरचा आकडा जुळतो का ते पाहावे. रीडिंगच्या जागी कुलूप, सदोष किंवा सरासरी असा शेरा असेल तर बिल अंदाजाने काढलेले आहे, आणि खरे रीडिंग घेतले जाईल त्या महिन्यात राहिलेली युनिटे एकदम अंगावर येतील. २०२० मध्ये संपूर्ण महाराष्ट्राने हे अनुभवले. टाळेबंदीमुळे मार्चअखेरपासून रीडिंग बंद होते, हिवाळ्यातील खपाच्या सरासरीने बिले निघाली. एप्रिल-मेचा उन्हाळा, सगळे कुटुंब दिवसभर घरात, रमजानही त्याच दिवसांत, आणि १ एप्रिलपासून नवे दर. जूनमध्ये रीडिंग झाले तेव्हा बिले पाहून राज्यभर ओरड झाली. शेवटी महावितरणने तीन हप्त्यांची मुभा आणि एकरकमी भरणाऱ्यास २ टक्के सूट दिली. अशा वेळी तपासायचे ते हे की युनिटे जितक्या महिन्यांची आहेत तितक्या महिन्यांत वाटून टप्पे लावले आहेत का. तीन महिन्यांची ९०० युनिटे एकाच महिन्याची धरली तर बिल अकारण फुगते. ती वाटणी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. मेन स्विच पूर्ण बंद करावा आणि खाली मीटरखोलीत जाऊन आपल्या मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. मेन बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर तुमच्या मीटरवर आणखी कोणाची तार आहे, किंवा मीटरच सदोष आहे. नव्या इमारतींत दोन फ्लॅटचे मीटर एकमेकांत अदलाबदल झालेले असणे ही काही अनोखी गोष्ट नव्हे. आमच्या परिचयातील एका इमारतीत बंद घराचे बिल मोठे आणि भरल्या घराचे लहान येत होते, वर्षभर कोणाच्या ध्यानात आले नाही! मेन बंद केल्यावर दिवा थांबला तर मग एकेक खटका चालू करीत जावे. गीझरची कॉइल फुटून वीज अर्थिंगमध्ये गळत असेल तर ती येथे सापडते. असे आढळल्यास गीझर ताबडतोब बंद करावा, तो जिवाचा धोका आहे.

मीटरवर शंका राहिली तर शुल्क भरून तपासणी मागता येते. मीटर सदोष ठरला तर वादाच्या महिन्यापूर्वीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत बिल दुरुस्त होते, म्हणून तक्रार लांबवू नये. एप्रिल-मेमध्ये येणारे दुसरे बिल पाहून मात्र घाबरू नये. ते बहुधा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे असते. २०२१ च्या विनियमांपासून ही ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी झाली आहे. तिच्यावर व्याज मिळते आणि ते बिलात जमा दाखवले जाते.

वादग्रस्त बिल आले म्हणून काहीच न भरणे ही मोठी चूक. कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तसेच मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. जुनी थकबाकी अचानक काढल्यास काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अजमेरच्या वीज कंपनीच्या प्रकरणात आला होता. फेब्रुवारी २०२० च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटले की चुकीने कमी लावलेल्या दराचा फरक कंपनी उशिरा मागू शकते, पण दोन वर्षांची मुदत उलटल्यावर त्यासाठी वीज तोडण्याचा मार्ग तिला वापरता येणार नाही.

तक्रार आधी स्थानिक उपविभागात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. १९१२ या क्रमांकावर नोंदवली तर तक्रार क्रमांक बिलाच्या पाठीमागे लिहून ठेवावा. तेथे दाद लागली नाही तर पालघरच्या ग्राहकाने कल्याण परिमंडळाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत मुंबईच्या विद्युत लोकपालाकडे जाता येते. अर्जासोबत गेल्या बारा महिन्यांची बिले, मीटरचे तारखेसह काढलेले फोटो आणि उपविभागाची पोच जोडावी. वकील लावलाच पाहिजे असे नाही, ग्राहकाला आपली बाजू स्वतः मांडता येते.