आंकड्यांचे गुप्तहेर

अनुकरण म्हटलें कीं आपण नाक मुरडतों. परंतु सर्वच अनुकरण निर्जीव नसतें. १९६२ सालीं ‘डॉ. नो’ या चित्रपटानें जेम्स बाँड पडद्यावर आणला. त्याचें यश पाहून इटली, फ्रान्स, स्पेन व पश्चिम जर्मनी येथील निर्मात्यांनीं गुप्तहेरपटांचा सपाटाच लावला. भांडवल तोकडें, म्हणून निरनिराळ्या देशांचे निर्माते खर्च वांटून घेत. नायकास नांवाबरोबर बहुधा एखादा आंकडाही चिकटवीत. यांपैकीं फ्रेंच ‘ओएसएस ११७’ची गोष्ट मौजेची आहे. लेखक जाँ ब्रूस यांनीं हा हेर १९४९ सालींच कादंबरींत आणला होता. बाँडची पहिली कादंबरी निघाली १९५३ सालीं. कागदावर हा हेर बाँडचा वडील बंधुच होता!

ही लाट आपल्याकडेही आली. ‘गूढचारी ११६’ या १९६६ च्या तेलुगू चित्रपटावरून १९६७ सालीं हिंदी ‘फर्ज’ निघाला. गिरगांवच्या चाळींत वाढलेल्या जितेंद्र यांना व्ही. शांताराम यांनीं १९६४ सालीं ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटांत नायक केलें होतें. परंतु खरी लोकप्रियता त्यांना मिळाली ती ‘फर्ज’मधील ११६ क्रमांकाचा हेर म्हणून. सांचा उसना असला, तरी त्यांतील नृत्यगीतांची हौस व अवखळपणा मात्र अस्सल येथलाच होता.