धाराशिव म्हटलं की दुष्काळच का आठवतो?

मोबाईलवर 'धाराशिव' शोधलं की दुष्काळ, शेतकरी आत्महत्या, अतिवृष्टी अशा बातम्या सहज समोर येतात. त्या खोट्या नाहीत. 1993च्या भूकंपाचा फटका या जिल्ह्याला बसला. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचं नाव आलं. सप्टेंबर 2025च्या पुरात परंडा तालुक्यातली शेतं पाण्याखाली गेली.

याच परंडा तालुक्यात सोनारी आहे. चैत्रात इथे काळभैरवनाथाची यात्रा भरते. कामासाठी बाहेर गेलेली माणसं गावी येतात, घरं भरतात. देवळाभोवतीची माकडं भाविकांच्या हातातला प्रसाद पळवतात आणि हशा पिकतो. याची मात्र ब्रेकिंग न्यूज होत नाही.

असं का होतं?

बातमी बदलाची होते, नेहमीच्या जगण्याची नाही. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या अभ्यासकांनी 1965 मध्येच दाखवलं, की वाईट घटना अचानक घडते, म्हणून तिची बातमी पटकन होते. पूर एका रात्रीत येतो, पण शेत पुन्हा उभं राहायला काही हंगाम लागतात.

मग आनंद मोजतात कसा?

'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट'साठी लोकांना विचारतात, की शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं आयुष्य कुठे आहे? 2025च्या अहवालात 147 देशांत भारत 118वा होता. पण काल तुम्ही हसलात का, हा प्रश्न वेगळा विचारला जातो. कर्जात असलेला शेतकरी शिडीवर चौथी पायरी सांगेल आणि यात्रेत पोटभर हसेलही. त्याची दोन्ही उत्तरं खरी.

इप्सोसच्या 2016च्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या देशातले किती लोक स्वतःला सुखी म्हणतात, याचा अंदाज लोक प्रत्यक्षापेक्षा कमीच बांधतात. स्वतःचं घर आपण आतून पाहतो, इतरांचं बातम्यांतून.

धोका दोन्ही बाजूंनी आहे. फक्त वाईट बातम्या पाहिल्या तर इथली माणसं बिचारी वाटतात. फक्त यात्रेचे रील पाहिले तर 'लोक मजेत आहेत, मग नुकसानभरपाई कशाला?' असं कुणीही म्हणेल. यात्रेतल्या हसण्यानं वाहून गेलेली माती परत येत नाही.

म्हणून पुढची पोस्ट शेअर करण्याआधी एवढंच पाहा: ती कोणत्या गावाची आहे, कधीची आहे आणि त्या गावात आज काय चाललंय?