शनिवारवाड्याचें अंतरंग

पुण्यास येणारा जिज्ञासु दिल्ली दरवाजांतून आंत शिरतो, तेव्हां त्यास जोत्यांच्या ओळी, कारंज्यांचे हौद आणि मोकळें मैदान यांखेरीज फारसें कांहीं आढळत नाहीं. बाहेरचा कोट उभा आहे, आंतला वाडा मात्र नाहीं, अशी ही विपरीत स्थिति आहे. तेव्हां मराठी राज्याचा बहुतेक कारभार ज्या दालनांतून चालला तीं दालनें कशीं होतीं, हें आज कोणत्या साधनांनीं जाणावें, आणि त्या साधनांची योग्यता कितपत मानावी, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम काळनिश्चय पाहूं. थोरल्या बाजीरावांनीं माघ शुद्ध ३ शके १६५१, शनिवार, या दिवशीं वाड्याचा पाया घातला. इंग्रजी तारीख १० जानेवारी १७३० अशी देतात. कोणी आजच्या पद्धतीनें वार काढूं लागल्यास त्या तारखेस मंगळवार येतो, व मग मिति चुकली कीं वार चुकला असा घोटाळा होतो. वास्तविक चूक कशांतच नाहीं. ही तारीख इंग्रजांच्या जुन्या कालगणनेची आहे. नव्या गणनेनें तीच तिथि २१ जानेवारीस पडते व वार शनिवारच येतो. वास्तुशांतीची २२ जानेवारी १७३२ ही तारीखही याच रीतीनें तपासली असतां शनिवारीं येते. जुन्या कागदांत मिति, शक व वार हीं तिन्ही दिलेलीं असतात, त्यांतील एकानें दुसऱ्याची साक्ष पटते. म्हणून नक्कल करतांना त्यांपैकीं एकही गाळूं नये, हा धडा येथेंच घ्यावा.

प्रारंभीं या कामास १६,११० रुपये खर्च आल्याचें नमूद आहे. परंतु हा आंकडा पुढें प्रसिद्धीस आलेल्या सबंध वाड्याचा समजणें चुकीचें होईल. शनिवारवाडा एका हातानें, एका वेळीं बांधलेला नव्हे. बाजीरावांचा मूळ वाडा लहान होता. नानासाहेबांनीं त्यास तट, बुरूज व नवे महाल जोडले. गणेशोत्सवासाठीं गणेश रंगमहाल १७५५ सालीं त्यांच्याच कारकीर्दींत झाला. सवाई माधवरावांच्या वेळीं हजारी कारंजें उठलें. त्याचें नांव हजारी असलें तरी तोट्या दोनशेंच्या आंतच होत्या. सोळा पाकळ्यांच्या कमळाचा त्याचा आकार मात्र आजही दिसतो. आरसेमहाल, नाचाचा दिवाणखाना, मेघडंबरी अशीं जीं नांवें ऐकूं येतात, तीं सर्व एकाच काळीं नांदत होतीं असें धरून नकाशा काढूं गेल्यास तो खोटाच ठरणार. कोणताही उल्लेख हातीं येतांच तो कोणत्या पेशव्यांच्या कारकीर्दीचा, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे.

उभा राहिला आहे तो भाग मुख्यतः दगडाचा व विटांचा. नऊ बुरूज आणि पांच दरवाजे कायम आहेत: उत्तरेस दिल्ली व मस्तानी, पूर्वेस खिडकी, आग्नेयीस गणेश आणि दक्षिणेस जांभूळ किंवा नारायण. दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक फळीवर बहात्तर अणकुचीदार खिळे असून वर नगारखाना आहे. दरवाजाच्या आंतील भिंतींवर गणपति व शेषशायी विष्णु यांचीं चित्रें फिकट झालेलीं असलीं तरी ओळखूं येतात. आंतल्या भिंतींचें रंगकाम कसें असेल, याची जागेवर राहिलेली खूण ती एवढीच.

महाल लांकडी होते, त्यामुळें तेच गेले. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं वाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें, आणि फेब्रुवारी १८२८ मधील आगींत आंतल्या इमारती भस्मसात् झाल्या. १९१९ सालीं जागा संरक्षित ठरून पुढें उत्खनन झालें, तेव्हां जोतीं व हौद उजेडांत आले. जमिनीची ही साक्ष निर्विवाद खरी, परंतु अपुरी. खांब कोठें होता हें जोतें सांगतें. त्यावर काय कोरलें होतें, वर किती मजले होते, तेथें कोण बसत असे, याविषयीं तें मुकें आहे.

दुसरी साक्ष चित्राची. टिपूविरुद्ध १७९० सालीं झालेल्या तहाचा दरबार दाखविणारें टॉमस डॅनियलचें मोठें तैलचित्र १८०५ सालचें असून तें आज लंडनच्या टेट संग्रहांत आहे. सवाई माधवराव, रेसिडेंट मॅलेट व भोंवतालची सभा त्यांत दिसते. परंतु डॅनियलनें तें इंग्लंडांत बसून काढिलें. पुण्यांतील रेखाटनें जेम्स वेल्स याचीं होतीं, आणि तो तर १७९५ सालींच वारला होता. सबब चेहरे, पोषाख व दालनाची सामान्य घडण यांसाठीं चित्र मोलाचें; मोजमापासाठीं मात्र त्यावर विसंबूं नये.

तिसरी साक्ष समकालीन वास्तूंची. विश्रामबागवाड्याचे सुरूदार कोरीव खांब आणि मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यांतील भित्तिचित्रें पाहिल्यावर पेशवाई सुताराचा व चिताऱ्याचा हात कसा होता हें कळतें. तथापि ही तुलना होय, पुरावा नव्हे.

उरली चौथी साक्ष, मोडी कागदांची. आणि आमच्या मतें खरा भरंवसा तिचाच. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव माडीवरून कारंज्यावर पडले व दोन दिवसांनीं वारले. ग्रांट डफ तीस आत्महत्या म्हणतो. ज्वराच्या भरांत तोल गेला असें मानणारे आहेत. खिडकीची उंची, कठड्याची रचना, खालच्या कारंज्याचें अंतर हीं कळल्यावांचून या वादांतील अर्धा भाग तर्कच राहणार. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा वध झाला, तेव्हां गारदी कोणत्या चौकांतून कोठें शिरले, हेंही वाड्याच्या मांडणीवरच अवलंबून आहे. वाड्याचें अंतरंग हा केवळ कौतुकाचा विषय नव्हे, तो इतिहासाच्या निर्णयाचा विषय आहे, असें आम्ही म्हणतों तें यामुळेंच.

सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तराचे ४५ भाग प्रसिद्ध केले, तरी दप्तरांतील कागदांचा फार मोठा भाग अद्याप छापलेला नाहीं. निवड करतांना राजकारणाच्या पत्रांस अग्रमान मिळणें स्वाभाविक होतें. संग्राहकांचीही तीच रीत आहे. शिक्क्याचें पत्र ते जपतात आणि सुताराच्या मजुरीची फर्द, लांकडाच्या आकाराची याद किंवा बिछायतीचा हिशेब रद्दींत टाकतात. एखाद्या पत्रांत महालाचें नांव ओझरतें येईल. त्याचे खण किती, तुळया किती, झुंबरें किती हें मात्र अशा फर्दींतच सांपडावयाचें.

म्हणून ज्यांच्या घरीं जुने रुमाल आहेत त्यांस आमची विनंति आहे कीं, हिशेबी कागद म्हणून एकही बंद वेगळा काढूं नये, आणि रुमालाचा मूळ क्रम मोडूं नये. कारण मितीवांचूनच्या फर्देस तिच्या शेजारचा कागदच काळ देतो. वाड्याचें लांकूड जळालें तें परत यावयाचें नाहीं. त्याचा हिशेब मात्र अजून आपल्या हातीं आहे, तोंवर सांभाळावा.