तीन पत्तीकडून पोकरकडे : नवशिक्याने काय शिकावे?

नंदुरबार, शहादा, तळोदा या भागात मेंढीकोट आणि तीन पत्ती कुणाला शिकवावी लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत चार पोरे जमली की पत्ते पिसले जातात. मोबाईलमुळे आता पोकरही गावोगाव माहीत झाले आहे. तीन पत्ती खेळणाऱ्याला त्याचे नियम तासाभरात कळतात, सवयी मात्र बदलाव्या लागतात.

पोकरचा सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मध्ये आधी तीन, मग एक, शेवटी आणखी एक अशी पाच पाने उघडतात. ती सगळ्यांची सामाईक. या सातांतून उत्तम पाच पानांचा हात लावायचा.

तीन पत्तीवाला पहिल्यांदा अडखळतो तो इथे. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये कलर मोठा. कारण निव्वळ गणिताचे आहे. तीन पानांचे एकूण 22,100 हात होतात. त्यांत नुसते सिक्वेन्स 720 आणि नुसते कलर 1,096. पाच पानांचे हात होतात 25,98,960. त्यांत सिक्वेन्स 10,200, तर कलर फक्त 5,108. जे दुर्मीळ, ते मोठे.

दुसरी सवय पाने टाकण्याची. पहिल्या दोन पानांत जोडी येते सरासरी 17 डावांत एकदा आणि दोन एक्के 221 डावांत एकदा. ‘बघू तरी काय येते’ म्हणून प्रत्येक डावात बसून राहणारा हळूहळू रिकामा होतो. नवशिक्याने बहुतेक हात सुरुवातीलाच पॅक करावेत. आपली पाळी उशिरा येत असेल तर थोडी मोकळीक घ्यावी, कारण तोवर इतरांनी काय केले ते दिसलेले असते.

तिसरी सवय हिशेबाची. समजा, हातात बदामचा एक्का आणि बदामची नव्वी आहे. मध्ये उघडलेल्या चार पानांत दोन बदाम आहेत. एक बदाम आला की कलर होतो. न दिसलेली पाने 46, त्यांत बदाम 9. म्हणजे पाचांत एकदाही नीट नाही. मध्ये 100 चिंचोके आहेत आणि समोरच्याने 50 टाकले. आता 150 मिळवण्यासाठी 50 घालायचे, तर चारांत एकदा तरी जिंकायला हवे. तेवढी शक्यता नाही, म्हणून पॅक. त्याने 20 च टाकले असते तर 120 साठी 20 घालायचे होते. मग सातांत एकदा जिंकले तरी पुरते, म्हणून खेळावे. पान तेच, निर्णय वेगळा.

हूल देणे हाही या खेळाचा भाग आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी 1944 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याचे गणित मांडले. मात्र जो कधीच पॅक करत नाही, त्याला हूल देऊन उपयोग नाही. समोरचा माणूस आधी ओळखावा लागतो.

सुधारायचे असेल तर वही ठेवावी. डाव जिंकला की हरला, यापेक्षा निर्णय का घेतला ते लिहावे. दोन एक्के हाती असले तरी एका अनोळखी हाताविरुद्ध शंभरात सुमारे 15 वेळा हार होतेच. अशा हारीने चांगला निर्णय चुकीचा ठरत नाही आणि नशिबाने मिळालेल्या विजयाने वाईट निर्णय बरोबर ठरत नाही. अधिक शिकायचे असल्यास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 2015 च्या पोकर अभ्यासक्रमाची व्याख्याने सर्वांसाठी मोफत खुली ठेवली आहेत.

पैशांचे मात्र नाव नको. महाराष्ट्रात जुगारबंदीचा 1887 चा कायदा लागू आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. उसनवारी करून खेळणाऱ्याचे घर कसे बसते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. शक्यता मोजणे, धीर धरणे आणि वेळेवर माघार घेणे या तिन्ही गोष्टी चिंचोक्यांवर तितक्याच चांगल्या शिकता येतात. या दिवाळीत पोकर जरूर शिका, मुलांनाही त्यातले गणित दाखवा; पण डावात रुपया ठेवू नका.