जुन्या मोटारीवरील नवें तेज

गेल्या वैशाखांत आमच्या एकत्र कुटुंबांत एका मोटारीवरून मतभेद झाला. तो लहानसाच होता. परंतु तीन दिवस जेवणाच्या पानापर्यंत टिकला, म्हणून त्याची हकीकत येथें देण्यास हरकत नाहीं. मोटार नऊ वर्षांची, काळ्या रंगाची. आम्हां तीन भावांनीं मिळून ती जुनीच घेतली होती. आतां ती विकावयाची असें ठरलें. माझा पुतण्या मोठा उद्योगी. तो एके दिवशीं सकाळीं ती घेऊन गेला आणि दिवेलागणीच्या सुमारास परत आला. फाटकापाशीं उभ्या राहिलेल्या गाडीकडे पाहून आमच्या सौभाग्यवतींनीं "कोण पाहुणे आले?" म्हणून विचारलें. खरोखर, आमचीच गाडी आम्हांस ओळखूं येईना. टपावरील पांढुरके चट्टे, उजव्या दारावर फाटकाच्या कडीनें ओढलेली रेघ, पुसणाऱ्याच्या फडक्यानें वर्षानुवर्षें काढलेलीं असंख्य वर्तुळें, सारें नाहींसें झालें होतें. मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेस गंजाचे तीन फोड आले होते, तेही दिसत नव्हते.

"खर्च किती आला?" मीं विचारलें.

"साडेचार हजार, काका. आणि किंमत निदान पंचवीस हजारांनीं वाढेल."

मला एक जुनी गोष्ट आठवली. हीच गाडी आम्हीं एका विक्रेत्याकडून घेतली, तेव्हांही ती अशीच, संध्याकाळच्या विजेच्या दिव्यांखालीं, आरशासारखी दिसली होती. पहिल्या पावसाळ्यांतील चार-सहा सरींनीं तो आरसा धुऊन नेला आणि बॉनेटवर हाताच्या पंजाएवढा मळकट डाग वर आला. विक्रेत्याकडे गेलों, तर "जुनी गाडी आहे, मास्तर" एवढेंच उत्तर मिळालें. आतां तेंच उत्तर देण्याची पाळी आमच्यावर येत होती. त्यांतून गाडी पाहावयास येणारा गृहस्थ माझा एकेकाळचा विद्यार्थी निघाला. नोकरी उमरेडकडे, वृद्ध आईस उपचारांसाठीं आठवड्यांतून दोनदां नागपुरास आणावें लागतें, म्हणून त्याला गाडी हवी होती.

हें तेज येतें कोठून, याची मीं थोडी चौकशी केली. मोटारीच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. तळाशीं गंज रोखणारा थर, त्यावर अस्तर, मग रंग, आणि सर्वांवर क्लिअर कोट नांवाचा पारदर्शक लेप. हे सारे थर मिळून जाडी साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून थोडी अधिक; त्यांतील वरचा लेप चाळीस-पन्नास मायक्रॉनांचा. आपण ज्याला ओरखडा म्हणतों, तो पुष्कळदां या लेपांतच असतो. त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो, म्हणून काळ्या रंगावर पांढरी रेघ दिसते. नख फिरवून पाहावें. नख अडकलें, तर ओरखडा खोल आहे आणि त्याला पॉलिशचा खरा उपाय नाहीं असें कारागीर सांगतात.

बाजारांत मात्र पॉलिश या एकाच नांवाखालीं तीन निरनिराळीं द्रव्यें खपतात. पहिलें घासणारें, ज्यास गॅरेजांत रबिंग म्हणतात. त्यांत अतिसूक्ष्म कठीण कण असतात आणि ते ओरखड्याच्या भोंवतालचा लेप झिजवून त्याच्या पातळीवर आणतात. हा उपाय खरा. पण दर वेळीं लेप थोडा उणा होतो, आणि तो काहीं पुन्हां उगवत नाहीं. दुसरें भरणारें. त्यांतील तेलें आणि मऊ द्रव्यें ओरखड्यांत जाऊन बसतात. प्रकाश विखुरणें थांबतें आणि रेघ नाहींशी भासते. तिसरें मेण, त्यांतलें उत्तम म्हणजे ब्राझील देशांतील कार्नोबा नांवाच्या ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून काढलेलें. तें रक्षण करतें, चमक देतें. दोष मात्र बरा करीत नाहीं. या तिघांतील दुसरें द्रव्य तेवढें लबाड. काळ्या पाषाणाची देवाची मूर्ति अभिषेकाच्या वेळीं कशी नीलमण्यासारखी दिसते आणि पुसून वाळली कीं पुन्हां राखी होते, हें आपण घरोघरीं पाहतों. तेथें पाणी जें करतें, तेंच येथें तेल करतें. फरक इतकाच कीं पाणी घटकेंत वाळतें आणि तेल कांहीं आठवडे टिकतें. गाडी विकण्यास तेवढे आठवडे पुरतात!

आमच्या लहानपणच्या मोटारींस हा पारदर्शक लेप नसे. त्यांस रबिंग केलें, कीं फडक्यास गाडीचाच रंग लागे, आणि त्यावरून मालकास काय झिजतें आहे तें प्रत्यक्ष कळे. हल्लींच्या गाडीचा लेप झिजला, तरी फडकें पांढरेंच राहतें.

नागपूरचें ऊन या लेपाचें वैरी आहे. वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि अंगणांत उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाहीं. उन्हांतील अतिनील किरणांनीं लेप हळूहळू कुजतो. टप आणि बॉनेट आकाशाकडे तोंड करून असल्यामुळें प्रथम त्यांच्यावरच पांढुरके चट्टे उमटतात. विहिरीच्या जड पाण्याचे ठिपके वाळून क्षारांचीं वर्तुळें राहतात. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूस राहणाऱ्यांस वीजकेंद्रांच्या राखेचा त्रास निराळा सांगावयास नको. अशी धूळ कोरड्या फडक्यानें पुसणें म्हणजे गाडीस बारीक वाळूनें घासणेंच होय. आपल्याकडे तर रोज सकाळीं एका बादलींत दहा गाड्या पुसल्या जातात. हे दोष वयाचे आहेत. ते झांकले, तर झांकणाऱ्यास फारसें दूषण देववत नाहीं. म्हाताऱ्यानें लग्नास जातांना केंसांस कलप लावावा, तितकेंच तें.

परंतु त्या तीन फोडांची गोष्ट वेगळी होती. ता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरांत जो पाऊस झाला, तो येथील लोक विसरले नसतील. थोड्याच तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाणी पडलें, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीनें पात्र सोडलें आणि कांठच्या वस्त्यांत घरोघरीं पाणी शिरलें. कांहीं माणसें दगावलीं. आमच्या गल्लींतही पाणी होतें. आमची गाडी त्यांत दारांच्या उंबऱ्यापर्यंत सकाळभर उभी राहिली. पुढें यंत्र नीट झालें, गालिचा बदलला, आणि आम्ही सुटलों असें मानलें. वर्षभरानंतर दाराच्या कडेस रंग फुगूं लागला. रंग फुगतो तेव्हां गंज आंतून बाहेर येत असतो. पुतण्यानें गाडी जेथें नेली होती, तेथें कारागिरानें फोड खरवडून त्यांवर पुट्टी भरली, रंगाचा हात मारला आणि वरून पॉलिश केलें. आंतील गंज होता तेथेंच राहिला. दाराखालच्या याच उंबऱ्याशीं चाक बदलतांना जॅक लावावा लागतो. तेथील पत्रा कुजलेला असेल आणि उमरेडच्या रस्त्यावर, आई गाडींत बसलेली असतां, हा मुलगा चाक बदलावयास वांकला तर? मला रात्रीं झोंप लागली नाहीं ती यामुळें.

पुतण्याचें म्हणणें असें कीं, सगळेच असें करतात, आणि घेणाऱ्यानें आपले डोळे उघडे ठेवावे. हें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमानुसार विकणाऱ्याचें नुसतें मौन सामान्यतः कपट ठरत नाहीं. पण ठाऊक असलेली गोष्ट प्रत्यक्ष कृतीनें झांकून ठेवणें याला तेंच कलम कपट म्हणतें. टपावरील चट्ट्यांविषयीं गप्प राहणें एक, आणि गंजावर पुट्टी भरणें दुसरें. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांस अधिकारपत्र घेणें केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ च्या नियमांनीं आवश्यक केलें, व ते नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. परंतु त्यांचा रोख वाहन कोणाच्या ताब्यांत आहे आणि कागदपत्रांची जबाबदारी कोणाची यावर आहे. रंगाखालीं काय आहे तें ते पाहत नाहींत.

आपल्या स्मृतिकारांनीं मात्र पाहिलें होतें. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत विकत घेतलेला माल पारखण्यासाठीं मुदती दिल्या आहेत: बियाण्यास १० दिवस, रत्नास ७, वाहणाऱ्या जनावरास ५, दुभत्यास ३ आणि लोखंडास १. मोटार लोखंडाची धरावी कीं बैलाच्या जागीं आलेली, यावर पंडितांत वाद होऊं शकेल. मी बैलाच्या पक्षाचा आहें. त्याच अध्यायांत आणखी एक नियम आहे. माती, चामडें, मणि, सूत, लोखंड, लांकूड, वस्त्र अशा हलक्या वस्तूस उंची वस्तूचें रूप देऊन जो विकतो, त्यास विक्रीच्या किंमतीच्या आठपट दंड. हें मीं पुतण्यास सांगितलें, तेव्हां त्यानें तात्काळ तोंडी हिशेब केला आणि प्रथमच थोडा गंभीर झाला.

अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला, आणि २००१ सालीं त्यांस जें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें, त्यास तो निबंध मुख्यत्वें कारण झाला. त्यांचें म्हणणें सोपें आहे. गाडीचा खरा गुण विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीस मधलीच किंमत देऊं करतो. त्या किंमतीस चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाहीं. तो बाजारांतून निघून जातो आणि उरतात त्या वाईटच. पुतण्याच्या "सगळेच करतात" या वाक्याचा शेवट कोठें होतो, तें या निबंधांत दिसतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां तो मुलगा आला. संध्याकाळीं येऊं का, असें त्यानें विचारलें होतें. मींच सकाळीं बोलाविलें. तिरप्या उन्हांत, कोरड्या गाडीच्या पत्र्याला समांतर नजर लावली, कीं लाटा दिसतात. दिव्याखालीं किंवा पावसांत ओली असतां कांहींच दिसत नाहीं. मीं स्वयंपाकघरांतील शीतकपाटावरचा चुंबक रुमालांत गुंडाळून त्याच्या हातीं दिला. दाराच्या वरच्या भागावर तो टक् करून चिकटला. खालच्या कडेवर आणतांच गळून पडला, कारण तेथें पत्रा आणि चुंबक यांच्यामध्यें पुट्टीचा जाड थर होता. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनें भिजविलेलें फडकें टपाच्या एका कोंपऱ्यावर फिरवलें. तेल निघालें आणि पांढुरका चट्टा वर आला. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून दाखविला; त्याच्या तळाशीं पुराच्या गाळाची पुसट रेघ अजून होती. हें सारें चाललें असतां पुतण्या ओसरीवर उभा होता. थोड्या वेळानें तो खालीं उतरला आणि उंबरा कोठें खरवडला होता तें त्यानें स्वतःच बोट ठेवून सांगितलें.

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, गाडी मी घेईन, पण उंबरा कापून नवा पत्रा जोडण्याचा खर्च तुम्ही सोडा." गॅरेजवाल्यानें त्या कामाचे अठरा हजार सांगितले, तेवढे आम्हीं किंमतींतून उणे केले. पुतण्याचे पंचवीस हजार तर गेलेच, साडेचार हजारही पाण्यांत गेले. तीन दिवस तो माझ्याशीं मोजकेंच बोलला.

आषाढांत पहिला जोराचा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीं उमरेडहून दूरध्वनि आला. "सर, टपावरचे चट्टे दिसूं लागले," मुलगा सांगत होता, "तुम्हीं दाखविले होते तेथेंच आहेत. आई विचारते, तुम्ही सर्वजण कधीं येतां?"