वीस तासांची कमाई

व्यापारी घरातील मुले लहान वयातच गल्ल्याजवळ बसू लागतात. गिऱ्हाईक ओळखणे, मालाची नोंद ठेवणे, संध्याकाळी रोजमेळ जुळवणे हे सारे त्यांना शाळा सांभाळून येते. त्यामुळे मुलगा वा मुलगी उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला निघाली, की वडीलधारी मंडळी निर्धास्तपणे म्हणतात, “फी आपण भरू, तिथला खर्च तिथेच निघेल.” या एका वाक्यावर सारे अंदाजपत्रक उभारण्यापूर्वी तेथील नियम आणि आकडे मांडून पाहणे अगत्याचे आहे.

ब्रिटनमध्ये पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यास सत्र चालू असताना सामान्यतः आठवड्यास २० तास काम करण्याची मुभा असते. आठवडा सोमवार ते रविवार असा धरतात. या आठवड्यात १२ तास भरले म्हणून पुढील आठवड्यात २८ तास करता येत नाहीत. दोन ठिकाणी काम असल्यास दोन्हींचे तास एकत्र मोजले जातात.

आता जमेची बाजू पाहू. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षे व त्यावरील कामगारास ताशी किमान १२.२१ पौंड वेतन ठरले होते. वीस तासांचे २४४.२० पौंड, म्हणजे महिन्यास सरासरी सुमारे १,०५८ पौंड होतात. खर्चाच्या बाजूस, नोव्हेंबर २०२५ पासून व्हिसासाठी विद्यार्थ्याचा दरमहा निर्वाहखर्च लंडनबाहेर १,१७१ आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड धरला जातो. म्हणजे एकही तास वाया न जाता काम मिळाले, तरी किमान वेतनात हा खर्च भागत नाही. फीचा तर प्रश्नच दूर. शिवाय नऊ महिन्यांपर्यंतचा निर्वाहखर्च आधीच खात्यात दाखवावा लागतो. लंडनबाहेर ही रक्कम १०,५३९ पौंड होते आणि ती सलग २८ दिवस शिल्लक असावी लागते. पुढे होणारी कमाई त्यात धरली जात नाही.

एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आणखी एक फसगत होते. उन्हाळा आला म्हणजे सुट्टी लागली, असे समजून काही विद्यार्थी पूर्णवेळ काम स्वीकारतात. वस्तुतः त्या काळात प्रबंधाचे काम चालू असते व बहुतेक विद्यापीठांत तो सत्राचाच भाग असतो. त्यामुळे सत्राच्या तारखा विद्यापीठाकडून लेखी घेणे हिताचे.

व्यापारी कुटुंबांनी सर्वाधिक सावध राहावे असा नियम स्वयंरोजगाराचा आहे. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. घरून मागवलेला माल इंटरनेटवर विकणे हाही धंदाच होय. मोबाइल अ‍ॅपवरून मिळणारे खाद्यपदार्थ घरपोच देण्याचे कामही बहुधा स्वयंरोजगारात मोडते. तिकडे स्थायिक झालेल्या काकांच्या दुकानात पगार न घेता नियमित गल्ला सांभाळला, तरी ते तास मोजले जातात. नियमभंग उघड झाल्यास विद्यार्थ्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो आणि फेब्रुवारी २०२४ पासून मालकास पहिल्या खेपेस प्रत्येक बेकायदा कामगारामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आपुलकीने दिलेले काम काकांनाही महागात पडते.

इतर देशांतही मर्यादा आहेतच. ऑस्ट्रेलियात सत्रकाळात पंधरवड्यास ४८ तास, तर कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणसंस्थेबाहेर आठवड्यास २४ तास काम करता येते. अमेरिकेत पहिल्या शैक्षणिक वर्षात सामान्यतः विद्यापीठाच्या आवारातच, सत्रात आठवड्यास २० तासांपर्यंत काम मिळते. नियम बदलत असल्याने अर्ज करतेवेळी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत.

कामाची निवडही आधीच बोलून ठेवावी. उपाहारगृहात किंवा सुपरमार्केटमध्ये मांस हाताळण्याची वेळ येऊ शकते. ते मान्य नसेल, तर मुलाखतीतच स्पष्ट विचारावे. विद्यापीठाचे ग्रंथालय, स्वागतकक्ष, कपड्यांची वा पुस्तकांची दुकाने हे पर्याय आहेत. मात्र तेथे उमेदवार पुष्कळ असतात.

घरी हिशेब मांडताना पहिल्या तीन-चार महिन्यांची कमाई शून्य धरावी आणि पुढेही वीसऐवजी दहा तासांचेच उत्पन्न धरावे. शैक्षणिक कर्ज घेतले असल्यास परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभरापर्यंत लांबवता येते. व्याज मात्र पहिली रक्कम उचलल्यापासून चढू लागते, हेही खतावणीत दिसले पाहिजे. अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर पूर्णवेळ नोकरी आणि स्वतःचा व्यवसाय, दोन्ही करता येतात. ती संधी चार जादा तासांच्या पैशांसाठी घालवू नये.

बहुतेक मुले हौसेने नियम मोडत नाहीत. महिनाअखेरीस पैसे संपतात, घरी मागण्याचा संकोच वाटतो आणि कोणीतरी रोखीचे काम देऊ करतो. पैसे कमी पडले तर पहिला फोन घरीच करायचा आणि त्यावर कोणीही रागावणार नाही, हे आई-वडिलांनी मुलांना विमानतळावर निघण्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.