मधुमेही श्वानाचा आहार : बेताच्या खर्चात करावयाची जोपासना

श्वानाला मधुमेह असल्याचे निदान झाले की पालकांचा पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा असतो. इन्सुलिन, सिरिंज आणि तपासण्या यांचा हिशेब कसाबसा जुळवीत असतानाच मधुमेही श्वानांसाठी बाजारात मिळणाऱ्या खास आहाराची किंमत समोर येते. हे आपल्याला झेपणार नाही, असे समजून काही जण उपचारच सोडून देतात. काही जण तो आहार आणतात आणि महिनाअखेरीस इन्सुलिन पुरवून पुरवून वापरतात. या दोन्ही गोष्टी प्राण्याच्या जिवावर बेततात. म्हणून घरच्या साध्या अन्नावर मधुमेही श्वानाची जोपासना कशी करता येते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आजार आणि आहाराचा संबंध

श्वानांच्या मधुमेहात स्वादुपिंडातून पुरेसे इन्सुलिन स्रवत नाही. त्यामुळे माणसांना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी किंवा कारले-मेथीच्या रसाने त्यांचे भागत नाही. इन्सुलिनचे इंजेक्शनच द्यावे लागते. स्वादुपिंड आणि मधुमेह यांचे नाते वैद्यकशास्त्राला कळले तेही श्वानांमुळेच. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मेरिंग व मिन्कोव्स्की यांनी श्वानाचे स्वादुपिंड काढल्यावर त्याला मधुमेह होतो हे दाखविले. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी श्वानांवरच प्रयोग करून इन्सुलिनचा मार्ग मोकळा केला आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम माणसाला देण्यात आले.

सामान्यतः दर बारा तासांनी इन्सुलिन आणि त्याच वेळी जेवण, अशी दिनचर्या ठेवावी लागते. इन्सुलिनची मात्रा ठरलेली असते. म्हणून तिच्या जोडीला जाणारे अन्नही ठरलेलेच हवे. आज दुप्पट भात, उद्या नुसते दूध-पाव असे झाले तर तीच मात्रा एके दिवशी अपुरी पडते आणि दुसऱ्या दिवशी घातक ठरते. तेच अन्न, तेवढेच अन्न आणि त्याच वेळी, हे या आहाराचे मुख्य सूत्र होय. महागड्या पिशवीचा मोठा गुण म्हणजे तिच्यातील अन्न रोज सारखे असते. तो सारखेपणा घरी एक तराजू आणि एक घड्याळ यांच्या साहाय्याने साधता येतो.

रोजचे अन्न कसे ठरवावे

अन्न निवडताना आम्ही पालकांना एकच कसोटी सांगतो : महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातही जे परवडेल तेच पहिल्या आठवड्यापासून द्यावे. श्रावणात किंवा ठरावीक वारी घरात सामिष शिजत नसेल, तर तेही आधीच सांगावे. म्हणजे वर्षभर चालेल असा आहार आखता येतो.

उदाहरणादाखल, सुमारे दहा किलो वजनाच्या प्रौढ श्वानाचे दिवसाचे अन्न असे असू शकते : ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी, हाडे व कातडे काढलेली २०० ग्रॅम कच्ची कोंबडी शिजवून, एक उकडलेले अंडे, १५० ग्रॅम दुधी भोपळा किंवा फरसबी आणि एक छोटा चमचा तेल. यातून अदमासे ६०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. सर्व पदार्थ कुस्करून एकत्र करावेत आणि वजन करून त्याचे दोन समान भाग करावेत. केवळ या पदार्थांतून कॅल्शियम व काही जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत. त्यांची पूरक मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. खंगलेल्या, स्थूल, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या श्वानाचे प्रमाण वेगळे असते. आहारात कोणताही बदल करायचा तर तो विचारूनच करावा, कारण त्याबरोबर इन्सुलिनची मात्राही बदलावी लागू शकते.

गूळ, साखर, ग्लुकोजची बिस्किटे, पाव, मिठाई आणि तळलेले पदार्थ टाळावेत. कांदा, लसूण, द्राक्षे व मनुका तर कोणत्याही श्वानाला देऊ नयेत. 'साखरविरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पदार्थांत झायलिटॉल असते. ते श्वानांना विषासमान आहे. प्रेमापोटी बिस्कीट घालणाऱ्या शेजाऱ्यांना आणि सणासुदीच्या पाहुण्यांना आजाराची कल्पना द्यावी. पाणी मात्र कधीही तोडू नये.

सावधगिरी

प्रथम जेवण आणि मग इंजेक्शन, हा क्रम पाळावा. श्वान जेवला नाही तर नेहमीची पूर्ण मात्रा न देता लगेच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. थरथर, लटपटणे, ग्लानी किंवा झटके ही रक्तातील साखर फार उतरल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी मध किंवा साखरेचा पाक हिरड्यांवर चोळावा, बेशुद्ध प्राण्याच्या घशात काहीही ओतू नये आणि त्याला तातडीने रुग्णालयात आणावे. अन्न सोडून उलट्या करणाऱ्या मधुमेही श्वानालाही त्याच दिवशी दाखवावे.

बचत कोठे करावी, कोठे करू नये

खास खाऊ, टॉनिके आणि चवीपुरते आणलेले डबे यांवरील खर्च निःसंकोच कमी करावा. इन्सुलिन, योग्य सिरिंज आणि रक्ततपासणी यांत मात्र काटकसर नको. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० किंवा १०० युनिट अशा प्रमाणांत मिळते. शंभरच्या बाटलीतील औषध चाळीसच्या सिरिंजने तेवढ्याच खुणेपर्यंत भरले तर अडीचपट मात्रा जाते. म्हणून दोन्हींवरील आकडे जुळवून पाहावेत. माजानंतरच्या काळातील संप्रेरकांमुळे मादीला इन्सुलिन नीट लागू पडत नाही. त्यामुळे तिची वंध्यीकरण शस्त्रक्रिया करणे हा पुढील खर्च वाचविणारा खर्च होय.

एका वहीत रोजचे जेवण, प्यायलेले पाणी व इन्सुलिनची वेळ आणि दर आठवड्याचे वजन लिहून ठेवावे. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी प्यायले जात असेल, तर साखर आटोक्यात नसण्याचा संभव असतो. मात्रा ठरविताना आम्हाला या वहीचा फार उपयोग होतो.

हे सर्व पाळूनही मोतीबिंदूसारखे उपद्रव होऊ शकतात. तरीही नियमित इन्सुलिन आणि मोजके अन्न मिळालेले अनेक मधुमेही श्वान पुढे कित्येक वर्षे सुखाने जगतात. म्हणून खर्चाच्या धास्तीने उपचार थांबविण्यापूर्वी पालकांनी आपली ऐपत संकोच न करता सांगावी, अशी आमची विनंती आहे. त्या ऐपतीत बसणारा आहार आखून देणे हा उपचाराचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.